टायरचा पिवळा दिवा

गाडी सुरू केली आणि टायरमधल्या हवेचा पिवळा दिवा पुन्हा लागला, तेव्हा ग्रंथपालाने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

“दिवा?” शेजारी बसलेल्या बाबांनी विचारलं. मोतीबिंदूमुळे त्यांना तो दिसत नव्हता. पण यंत्राबद्दल बाबांशी खोटं बोलणं ग्रंथपालाला जन्मात जमलं नव्हतं.

“लागलाय.”

“दिवा लागला की मशीन बंद. चल वर.”

बाबांची उभी हयात कारखान्यात यंत्रं तपासण्यात गेली होती. टॅक्सीचं नाव काढलं, तर “न तपासलेल्या मशीनवर मी बसत नाही,” म्हणाले. ऑपरेशनची दुसरी तारीखही हुकली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं, “आणखी उशीर केलात तर मला काम अवघड जाईल.”

ग्रंथपालाने हवा भरून घेतली. माहितीपुस्तक उघडून, बिचाऱ्याने दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरलं. दिवा विझला. सकाळी परत हजर! मेकॅनिकने चारही चाकं पाण्यात बुडवून पाहिली. “पंक्चर नाही, साहेब. हवा कुठे जाते देव जाणे.” मग पुन्हा हवा, पुन्हा बटण. बायको म्हणाली, “अहो, झोपेतसुद्धा तुमचा अंगठा काहीतरी दाबत असतो.”

तिसऱ्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी तो हवा भरूनच घरी आला. नेहमीच्या जागी शेजारच्या वकीलसाहेबांनी आपली पांढरी गाडी लावली होती. भांडायचं त्राण नव्हतं. आपली पांढरी गाडी त्याने पलीकडे लावली आणि जेवून आडवा झाला.

सकाळी बाबा आंघोळ उरकून, “जरा पाय मोकळे करतो,” म्हणत आधीच खाली गेले. मागून पिशवी घेऊन ग्रंथपाल उतरला. जीव मुठीत धरून त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पिवळं काहीच दिसेना.

“बाबा, दिवा नाही!” त्याला रडूच फुटायचं बाकी होतं.

“नाही?” बाबांचा चेहरा पडला. “असं कसं होईल? नीट बघ.”

तेवढ्यात पलीकडून वकीलसाहेब कडाडले, “माझ्या गाडीत हा कसला दिवा लागलाय? आणि मागच्या चाकातली हवा कुणी काढली? मला कोर्टात पोचायचंय!”

ग्रंथपालाने खाली उतरून आधी वकीलसाहेबांकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी उजवी मूठ गच्च मिटली होती. त्याने ती हळूच उघडली. आत टायरच्या व्हॉल्व्हचं काळं टोपण होतं.

इतक्या दिवसांचा सगळा राग त्याच्या ओठांवर आला. पण बाबांनी त्याची बाही घट्ट धरली.

“डोळ्यात सुरी घालतात रे,” बाबा पुटपुटले. “भीती वाटते.”

“मग तसं सांगायचं होतं, बाबा. मी असतो ना तिथे.”

डोळे बारीक करून बाबांनी समोरच्या दोन पांढऱ्या ठिपक्यांकडे बराच वेळ पाहिलं. एकाजवळ वकीलसाहेब नाचत होते.

“ती त्यांची होती?”

“हो.”

बाबांनी टोपण मुलाच्या हातात दिलं, गाडीत बसून पट्टा लावला आणि दार ओढून घेतलं.

“चल लवकर दवाखान्यात,” ते तिरसटून म्हणाले. “आख्ख्या नोकरीत कधी चुकीच्या मशीनला हात लावला नव्हता मी.”