घुबडाचं गाव

कडोलीच्या शिवारातल्या रस्त्यावर एका मोराचा पाय मोडला. त्याला आमच्या निसर्ग केंद्रात आणलं, त्याच दिवशी आप्पांनी कडोलीला फोन लावला. ‘‘तुमचा पेशंट आमच्याकडं ॲडमिट हाय. टाइम चार ते साडेपाच. बघाय या की ओ.’’

दुसऱ्या दिवशी कडोलीहून सात माणसं आली. शहाळी, मोसंबी आणि बिस्किटांचे दोन पुडे घेऊन.

केंद्र बेळगावजवळ, पिरनवाडीच्या पुढे आहे. जखमी पशुपक्षी तिथं ठेवतात, बरे झाले की सोडून देतात. मी आठवड्यातून दोन दिवस नोंदी लिहायला जातो. आप्पा रोज येतात, पिंजरे झाडतात. वडगावात चाळीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर साड्या विणल्या. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय असल्यानं ते अजूनही ओरडूनच बोलतात.

औषधानं जखम भरते, पण आजारी उठून बसतो तो माणसं भेटायला आल्यामुळं, असं त्यांचं ठाम मत आहे. म्हणून पिंजऱ्यावर ते प्राण्याचं नाव लावत नाहीत, गावाचं लावतात. ‘‘पिरनवाडीला जुलाब लागल्यात,’’ असं ते एकदा फाटकातूनच डॉक्टर मॅडमना ओरडून सांगत होते. त्या वेळी पिरनवाडीचे चार पाहुणे शेजारीच उभे होते. जुलाब माकडाला लागले होते.

कडोलीकर मोरासमोर ओळीनं बसले.

‘‘लई वाळलाय.’’

‘‘जेवतोय का?’’

‘‘आमच्या रानातली मिरची खायाचा,’’ एक आक्का म्हणाली. मग मोराकडं वळून, ‘‘रस्त्याकडं कशाला गेलतास रं?’’

 त्यानंतर दोघींनी आपापल्या गुडघ्यांची सविस्तर माहिती मोराला दिली.

मॅडमचा या प्रकाराला विरोध होता. गर्दीनं प्राणी बुजतात, असं त्या म्हणाल्या. शेवटी तडजोड झाली. बाक पिंजऱ्यापासून दहा फुटांवर, बोलणं हळू, आणलेला खाऊ प्राण्याला द्यायचा नाही. तेव्हापासून शहाळी कर्मचारी पितात. मोर बरा झाला. आप्पांनी श्रेय कडोलीला दिलं, मॅडमनी प्लास्टरला.

मग घुबड आलं. एका लॉरीच्या पुढच्या जाळीत ते अडकलं होतं. बेळगावात डिझेल भरताना ड्रायव्हरच्या लक्षात आलं. पंख दुखावला होता.

‘‘कुठं अडकलं?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘निपाणी सोडल्यावर कुठंतरी,’’ ड्रायव्हर म्हणाला.

पाटी कोरी राहिली. घुबड खाईना. मॅडम नळीनं भरवत होत्या, पण दोन-तीन दिवसांत स्वतःहून खाल्लं नाही तर ते जगणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आप्पांनी महामार्गावरच्या गावांना फोन सुरू केले.

‘‘तुमच्यातलं एक घुबड कमी झालंय काय?’’

‘‘कोण बोलतंय?’’

‘‘आप्पा. वडगाव.’’

‘‘आप्पा, घुबडं कोण मोजतंय ओ?’’

दुसऱ्या गावच्या पंचायत सदस्यानं आपल्या वॉर्डात घुबडच नाही, असं सांगितलं. निवडणूक जवळ आली होती. तिसऱ्या गावानं थोडी माणुसकी दाखवली. ‘‘मोर आसला तर लिवा आमच्या नावावर. घुबड नको.’’

‘‘निपाणीच लिहून टाका,’’ मी सुचवलं.

‘‘खोटं गाव लिवून माणसं येतात काय?’’

चौथ्या दिवशी सकाळी आप्पा आले नाहीत. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. दुपारी चार वाजता ते लोकांसाठीच्या फाटकातून आत आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी, हातात पिशवी. त्यांनी भेटायला येणाऱ्यांच्या वहीत सही केली आणि मला विचारलं, ‘‘घुबड कुठल्या वॉर्डात हाय?’’

तो पिंजरा ते रोज स्वतः झाडत होते. मी म्हणालो, ‘‘डावीकडं तिसरा.’’

पिशवीत बिस्किटं होती. घुबड बिस्किट खात नाही, असं मी म्हणालो.

‘‘म्हायती हाय. रिकाम्या हातानं यायचं नसतंय.’’

ते बाकावर बसले. मी मागं उभा होतो. आवाज इतका खाली होता, की ऐकायला मला दोन पावलं पुढं जावं लागलं.

‘‘मी वडगावचा,’’ ते घुबडाला म्हणाले. ‘‘कसं हाय आता?’’

पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.

‘‘कोण आलं न्हाय म्हणून मनाला लावून घेऊ नको. बस चुकली आसंल. मी अकरा दिवस ॲडमिट होतो. पोरगं पुण्यास्नं येणार होतं. रोज चारला केस विंचरून बसायचो. शेजारच्या खाटंवरच्याला सांगायचो, बस चुकली आसंल.’’

साडेपाच वाजले. आप्पा उठले नाहीत. अंधारून यायला लागलं तेव्हा घुबड ताटलीकडं सरकलं. त्यानं मांसाचा एक तुकडा उचलला, खाली टाकला, पुन्हा उचलला.

आप्पांनी ताबडतोब तोंड दुसरीकडं फिरवलं आणि माझा हात धरून मलाही फिरवलं.

‘‘बघू नका,’’ ते म्हणाले. ‘‘लई दिसांनी जेवताना आजाऱ्याला लाज वाटतीया.’’