पावरा आणि टॉलरन्स

पावरा पुस्तक वाचायचा तो हातात पोलादी पट्टी आणि लाल बॉलपेन घेऊन. जर्मनीत डार्मश्टाटला माझ्याच होस्टेलात राहायचा, बेअरिंगांवर पीएचडी करायचा. त्याच्या लेखी छापलेला कुठलाही कागद म्हणजे तपासायला आलेलं यंत्राचं ड्रॉइंग.

आमच्या वाचनगटात तो चुकून शिरला. दर गुरुवारी आम्ही सात-आठ विद्यार्थी काळ्या आणि आदिवासी लेखकांची पुस्तकं वाचून सामाजिक न्यायावर बोलायचो. पावराला वाटलं, जर्मनचा क्लास आहे. चूक कळल्यावरही उठला नाही. "आल्झो, तर मग चालू द्या," म्हणाला आणि केकचा दुसरा तुकडा उचलला.

तेव्हापासून गटाचं स्वास्थ्य संपलं. लेखकानं 'अनेक लोक' लिहिलं की पावराची लाल खूण: अनेक म्हणजे किती? गट चालवणारी लेना समाजशास्त्राची. एकदा कळवळून म्हणाली, "समाजात टॉलरन्स हवा!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," पावरा म्हणाला. "प्लस-मायनस किती?" त्याच्या धंद्यात टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक.

लेनानं डोकं धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. जणू हा नमुना मीच पुण्याहून सोबत आणला होता.

मग एका गुरुवारी कॅनडातल्या एका आदिवासी बाईंच्या आठवणींचं पुस्तक निघालं. वसतिशाळेत घरची भाषा बोललं की मार. लेना वाचत होती, पावराची एकही लाल खूण नाही. मी कोपरानं ढोसलं, "काय रे, आज काहीच चुकलं नाही?"

"नाही. बरोबर आहे सगळं," तो म्हणाला. "आमच्या आश्रमशाळेत ओली छडी असायची."

पावरा हे सातपुड्यातल्या आदिवासींचं नाव, आणि त्यांची भाषा पावरी, हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं मी त्याला पवारांपैकीच कुणीतरी समजत होतो.

"बोलून दाखवशील?" लेनानं विचारलं.

त्यानं पट्टी आणि पेन खाली ठेवलं. मग एक लांब हाक मारली, शेवटी उंच चढणारी.

"आई उतारावरून जेवायला बोलवायची," तो म्हणाला. "पाच वर्षांपूर्वी ती गेली. भावाची मुलं मराठीच बोलतात. रविवारी फोन करतो, तेव्हा मीही. पाच वर्षांत हे मोठ्यानं आजच बोललो."

लेना म्हणाली, "आम्हाला शिकव."

त्यानं दोनदा म्हणून दाखवली. आम्ही सगळ्यांनी मिळून ती हाक मारली, जमेल तशी, वेडीवाकडी.

पावरानं मान खाली घातली आणि हळूच ओ दिली.