खरवली रेयॉनचं नातेखातं

खरवली रेयॉनच्या कारखान्यातले तंतू एकमेकांशी नातं निघाल्याशिवाय चिकटत नाहीत. कारखान्याच्या माहितीपुस्तिकेत हे पान चारवर छापलेलं आहे, पान पाचवर कॅन्टीनच्या वेळा आहेत.

दुसरीकडे असलं न विणलेलं कापड करताना तंतूंवर डिंक मारतात. खरवलीत मारत नाहीत. इथे बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवतात, त्याचा मधासारखा पाक करतात, तो बारीक भोकांतून आम्लात सोडतात. तंतू निघाला की बोटाच्या पेराएवढा कापून पाण्याच्या टाक्यात टाकतात. टाक्यात तंतूंची आपसांत ओळख करून देतात. मग जाळीवर पसरून तापलेल्या रुळावरून वाळवत नेलं की कापड तयार. ना माग, ना सूत, ना डिंक. पाणी उडता उडता तंतू एकमेकांचा हात धरतात आणि मग ओढा, ताणा, सोडत नाहीत. पुन्हा भिजवलं तरच सोडतात. पहिल्यांदा बघणारा तोंडात बोट घालतो, आणि घालायलाच हवं.

ओळख करून देण्याचं काम नातेखात्याकडे. नातेखातं म्हणजे द्वारकाबाई खैरमोडे, गेली एकतीस वर्षं एकट्या. बाई टाक्याच्या कडेला पाटावर बसतात, कोपरापर्यंत हात आत घालतात आणि सुरू होतात.

"तू कुठली गं? सोमवारच्या पाकातली? अगं बाई, मग ही बुधवारची तुझी चुलत बहीणच की! दोघींचा लगदा एकाच बांबूच्या बेटातला. आणि तो कोपऱ्यात लाजतोय ना, तो तुझ्या मामाकडचा. सरक, जागा दे त्याला."

असं तासभर. एका टाक्यातली चार चार पिढ्यांची नाती बाईंना तोंडपाठ. कागद नाही, पेन्सिल नाही. कॉलेजातून शिकून आलेली माणसं जाळीपाशी उभी राहून नुसती ऐकत, आणि चहा गार होई.

टाक्याच्या वर भिंतीवर पाटी आहे: 'नातेवाइकांनी एकाच टाक्यात हात घालू नये.' ती काही शोभेला लावलेली नाही. भिवा आणि म्हादू हे दोघे फिटर सख्खे भाऊ. एकदा अडकलेली जाळी सोडवायला दोघं एकदम वाकले, आणि हात वाळले तेव्हा भिवाचा पंजा म्हादूच्या मनगटाला घट्ट. त्या वेळी दोघांत बोलणं बंद होतं. 'बादली आणा, अरे बादली आणा' करत दोघं अख्ख्या कारखान्यातून पळाले. अपघातवहीत नोंद आहे: 'इजा नाही. नातं सख्खं.'

शलाका सदनकर इंजिनियर म्हणून रुजू झाली तो सोमवार होता. गेटवरच्या रखवालदारापासून सुरुवात झाली. "सदनकर म्हणजे कुठल्या तुम्ही?" टाइम ऑफिसात विचारलं, "सदन कुठं आलं? साताऱ्याच्या अंगाला का?" कॅन्टीनमध्ये एकाने तिला आपल्या मेहुण्याच्या सासुरवाडीपर्यंत नेऊन पाहिलं, तिथे रस्ता संपला. यात कुणाचं काही वाईट मनात नव्हतं. खरवलीत नवा माणूस आला की त्याचं नातं काढल्याशिवाय कुणाला घास गोड लागत नाही.

"आडनाव शिशुसदनाने दिलंय," शलाका म्हणाली. "मी तिथेच वाढले. घरचं कुणी माहीत नाही."

कुणीतरी साखरेची वाटी तिच्याकडे सरकवली. भिवा मनाने लाख माणूस, पण जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "मग मॅडम, तुम्हाला ती पाटी लागूच नाही! तुम्ही कुणाबरोबरही बिनधास्त हात घाला."

त्याला वाटलं आपण सवलत सांगतोय. शलाका हसली. डबा मात्र तिने तसाच परत नेला. खोटं कशाला सांगू, तिला लागलं ते.

कारखान्याचे मॅनेजर विद्वांस साहेब. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून काम समजावून दिलं. काम सोपं नव्हतं. त्या वर्षी डोंगरातल्या बांबूच्या बेटांना फुलोरा आला होता, आणि फुलोरा आला की बांबू मरतो. लगदा परदेशातून मागवला. गासड्या आल्या, पाक झाला, तंतूही निघाले, सुरेख, पांढरेशुभ्र. पण ते आपसांत चिकटेनात. जाळीवरून उचललं की भुगा.

"भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डासाठी चादरींची ऑर्डर आहे," विद्वांस म्हणाले. "त्यांना डिंक नको. आपली चादर पाणी शिंपडलं की आपोआप सुटते, कातडी ओढत नाही. डिंकाची सुटत नाही."

"आणि हे तंतू नाहीच चिकटले तर?"

"मागच्या आवारात डिंकाचं मशीन येऊन पडलंय, सदनकर. हेड ऑफिसचं म्हणणं, शुक्रवारी दोन वाजेपर्यंत एक चादर दोन किलोचं वजन पाच मिनिटं पेलत असेल तर नातेखातं राहील. नाहीतर खातं बंद, ऑर्डर परत, आणि द्वारकाबाई स्टोअरमध्ये. अहवाल तुम्ही लिहायचा. तोवर तुम्ही नातेखात्यातच."

खात्याच्या रजिस्टरात एकच नाव होतं. शलाकाने त्याच्याखाली आपलं लिहिलं आणि पाट घेऊन टाक्याशी बसली.

मंगळवारी द्वारकाबाईंनी सरळ विचारपूस केली. "कुठली गं तुम्ही पोरं?" गासडीच्या कागदावर गावाचं नाव नाही, डोंगराचं नाही, नुसता नंबर. ते जंगल मशीनने ओळीत लावलेलं, रोपं चार देशांतून आणलेली. वाऱ्याने बी नेलं नाही, पाखराने टाकलं नाही.

"एवढी मोठी झाली, पण कोण कुणाचं ठाऊक नाही गं यांना," बाई म्हणाल्या. मग शलाकाकडे बघून त्यांनी जीभ चावली आणि पाण्यात हात ढवळत राहिल्या.

बुधवारी बाईंनी चूक केली. एकतीस वर्षांत पहिली, आणि ती चूक खरवलीतच होऊ शकते. त्यांनी विचार केला, रक्ताचं नातं नसेल तर लग्नाचं जोडू. गोदामात बांबूच्या तंतूंचं शेवटचं पोतं होतं. ते टाक्यात ओतलं, बांबूला केला वरपक्ष आणि परदेशी तंतूंना वधूपक्ष. बोलणी झाली, याद्या झाल्या, टाक्याच्या चारी कोपऱ्यांत अक्षता टाकल्या. जाळीवर कापड धरलं! म्हादूने शिट्टी मारली. पण रुळावरून कापड खाली उतरलं तेव्हा त्याचे दोन पदर झाले होते. वर सगळा बांबू ऐसपैस बसलेला, खाली परदेशी तंतू अंग चोरून उभे, आणि दोघांच्या मध्ये हात जाईल एवढी जागा.

"मेलं मानपान!" द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला. "मीच शहाणी. मीच यांना वरपक्ष केलं."

वरचा पदर सुंदर होता, खालचा भुगा झाला. बांबू संपला.

गुरुवारी बाईंचा आवाज बसला, तरी त्या विचारत राहिल्या. आजोळ कुठलं, गुरू कोण, कुणाच्या हातचं पाणी प्यायलात. शलाका शेजारी बसून हे पाहत होती आणि तिला मनापासून कौतुक वाटत होतं. या बाईने एकतीस वर्षांत एकाही तंतूला परका म्हणून जाऊ दिलं नव्हतं. शलाकाने मोठमोठ्या मशीनी पाहिल्या होत्या, पण असं काम पाहिलं नव्हतं. अहवालाचा कागद पर्समध्ये कोराच होता. उद्या त्यावर काय लिहावं लागणार हे आठवलं की ती पर्स आणखी मागे सरकवी.

शुक्रवारी सकाळी द्वारकाबाई पाटावरून उठल्या. "झालं, मॅडम," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "माझ्याकडची सगळी नाती सांगून झाली. यांना लागू पडेल असं एक नाही. लिहा तुम्ही तुमचं. माझा राग नाही."

शलाका टाक्यात बघत राहिली. लाखो तंतू, प्रत्येक जण शेजाऱ्यापासून जरा अंतर ठेवून. हे अंतर तिच्या चांगलं ओळखीचं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "आमच्या सदनात कुणी नवीन आलं ना, तर कुठली म्हणून विचारायचे नाहीत. विचारून उपयोग नसायचा."

"मग काय विचारायचे?"

"जेवलीस का, एवढंच. आणि मग सांगायचे, ही रत्ना, ही तुझ्या आधी आलेली. तू हिची पाठची. तुझ्या मागून येईल ती तुझी पाठची. रत्ना रोज माझी वेणी घालायची. मग इंदू आली, इंदूची मी घालायची. सत्तावन्न मुली होतो, पण वेणी कुणाची राहिली नाही."

द्वारकाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "आल्या दिवसाने पाठची," त्या म्हणाल्या. "म्हणजे आईबाप लागतच नाहीत?"

"नाही लागत."

"अगं मग बोल की पोरी! बसलीस काय! माझा आवाज गेलाय, आता तूच बोल."

शलाकाने बाह्या वर केल्या आणि हात आत घातले. तिला लाजल्यासारखं झालं, कारण भिवा आणि म्हादू जाळीपाशी उभे होते. पण तिने सुरुवात केली.

"जेवलात का सगळ्या? बरं. आता ऐका. कुठून आलात ते राहू दे. कटरमधून आधी कोण पडलं, आठवतंय? तू? मग तुझ्या मागून ही पडली. ही तुझी पाठची, हिला धर. आणि गं, तुझ्या मागून ही. धर तिला. नाही, ती कशी आहे ते बघायचं नाही. मागून आली ना? मग तुझी."

बाईंनीही पलीकडून हात घातले. आवाज नव्हता, म्हणून त्या नुसत्या ढवळत होत्या, आणि शलाका चुकली की बोट उचलत होत्या. एकदा शलाका एका तंतूला सोडून पुढे गेली, तेव्हा बाईंनी तिचं मनगट धरून मागे आणलं. "ती राहिली," त्या कुजबुजल्या. असं करत दीड वाजला.

जाळीवर कापड आलं. रुळावरून गेलं. खाली उतरलं, तेव्हा एकच पदर होता. म्हादूने या वेळी शिट्टी मारली नाही, त्याने हात जोडले. कापड साधंच होतं, पांढरं, साबुदाण्याच्या पापडाएवढं पातळ. उजेडाला धरलं तर एका तंतूपासून दुसऱ्यापर्यंत नजर कुठेही न अडकता चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होती. मोकळं टोक एकही नव्हतं. अशी वस्तू माणसाच्या हातून रोज होत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं.

दोन वाजता विद्वांस साहेब वजन आणि फॉर्म घेऊन आले. दोन किलो टांगले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. साहेबांनी खिशातून पेन काढलं.

"नात्याचा प्रकार?"

"पाठचं भावंड," शलाका म्हणाली.

"सख्खं, चुलत, मावस, मानलेलं. चार रकाने आहेत. कशात खूण करू?"

"एकातही नको, साहेब. पाचवा रकाना काढा."

साहेबांनी पट्टी मागवली, पाचवा रकाना आखला, खूण केली आणि सही मारली. डिंकाचं मशीन सोमवारी परत पाठवायचं ठरलं. द्वारकाबाई स्टोअरमध्ये जाणार नव्हत्या.

चहा आला. दोघींनी टाक्यात हात खंगाळले आणि त्या कडेच्या बाकावर टेकल्या, खिडकीतून उन्हं येत होती. बाईंनी आपला ओला हात शलाकाच्या ओल्या हातावर ठेवला, आणि चहा संपेपर्यंत दोन्ही हात उन्हात वाळले. मग शलाकाने अहवालाचा कागद घ्यायला म्हणून हात उचलला. बाईंचा हात त्याच्याबरोबर वर आला.

तिने जरा ओढून पाहिलं. हात सुटेना.

कारखान्यात कुजबुज झाली. सुरक्षा अधिकारी अपघातवही घेऊन आले आणि त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "ती सूचना वाचली नव्हती?"

"वाचली होती," शलाका म्हणाली. "मला लागू नाही असं सांगितलं होतं."

भिवाने मान खाली घातली. "चुकलो, मॅडम," तो म्हणाला.

"नातं काय लिहू?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

शलाकाने द्वारकाबाईंकडे पाहिलं. तेव्हा द्वारकाबाईंनी मोकळ्या हाताने रजिस्टर पुढे ओढलं. एकतीस वर्षांपूर्वीचं त्यांचं नाव, आणि त्याच्या लगेच खाली सोमवारचं.

"वाचा की," बसलेल्या आवाजात बाई म्हणाल्या. "या खात्यात माझ्या मागून आलेली हीच. माझी पाठची आहे ती."

अधिकाऱ्यांनी लिहिलं, 'इजा नाही. नातं पाठचं.' शलाकाने चेहरा फिरवला, पण डोळे पुसायला उजवा हात मोकळा नव्हता, म्हणून डाव्याने पुसले.

तेवढ्यात म्हादू पाण्याची बादली घेऊन धावत आला.

"अवतार बघ केसांचा," द्वारकाबाई तिला म्हणाल्या. "हात सुटला की वेणी घालते तुझी."

"बादली कुठं ठेवू, मॅडम?" म्हादूने विचारलं.

"ठेवा तिथेच," शलाका म्हणाली. "घाई नाही."

सुट्टीचा भोंगा झाला तरी बादली तिथेच होती.