बिनमेणाच्या पिकअपांची मोहीम

प्रारंभी विनंती ऐसी की, ही हकीकत लिहिण्याची आज्ञा आम्हांस कोणी केली नाही. बखरकारास आज्ञा करणारे धनी आताशा उरले नाहीत, आणि उरले असते तरी त्यांणी आम्हांस पुसले नसते. परंतु आम्ही ज्या इमारतीत राहतो तिचे वरले मजल्यावर मोठी मोहीम जाहली, आणि त्यांची जमीन ते आमचे छत, सबब जे जे वर घडले ते ते आमचे डोईवर घडले. जे कानी आले ते लिहिले. जे भिंतीआड राहिले ते मेव्हण्यांनी येथे चहा पिऊन सांगितले. आणि जे त्यांसही ठाऊक नव्हते ते, आम्ही बखरकार सबब, आम्हांस आपोआप ठाऊक जाहले. शक, सन, मिती ज्याची त्याने घालून घ्यावी.

वरले मजल्याचे धनी म्हणजे चाळिशीउद्धारक, अंधुकदृष्टिप्रतिपालक, राजश्री चष्मेवाले. बाजारात यांचे चष्म्याचे दुकान. पुढे यांस खासे म्हणावे. यांचे कुटुंब बाईसाहेब, थोरल्या इस्पितळातील मोठ्या सिस्टर. वॉर्डात यांचा शब्द पडला की डॉक्टरही चपला सरळ काढीत. बाईसाहेबांचे वडीलबंधू तेच वर सांगितलेले मेव्हणे, विमा उतरविण्याचा धंदा करणारे, दोहों पक्षांकडे सारख्याच भुकेने जेवणारे.

हे तिघे कॉलेजात असता त्यांणी बँड उभारिला. खासे गिटारीवर, मेव्हणे ड्रमांवर, आणि बाईसाहेब गात. निरोपसमारंभाचे दिवशी भरल्या सभागृहात शेवटचे गाणे, जे बाईसाहेबांनी स्वतः रचिले होते, ते चालू असता माईक ऐन मोक्यावर गतप्राण जाहला. बाईसाहेब हटल्या नाहीत. खाशांचे जवळ सरोन, गिटारीवर जवळजवळ ओणव्या होऊन गात राहिल्या. परंतु अँपाच्या, म्हणजे गिटारीचा आवाज फुगविणाऱ्या यंत्राच्या, गर्जनेपुढे एकटा कंठ तो किती. लोकांनी गिटार ऐकिली आणि टाळ्या गिटारीस दिल्या. अँपाचे तोंडाशी टेपरेकॉर्डर ठेविला होता, त्यातही गिटार उतरली आणि मागे ड्रमांचा धडधडाट. बाईसाहेबांनी ती टेप एकवेळ ऐकिली, त्यात आपण कोठेच नाही ऐसे पाहिले, आणि गाणे सोडिले. कोणास काही बोलल्या नाहीत. मग खाशांशी लग्न केले, इस्पितळात रुजू जाहल्या, आणि कोणी गा म्हटले तर आवाज गेला ऐसे सांगत. टेप लागली की उठोन जात. खाशांचा समज ऐसा की बाईसाहेबांस गिटारीचा तिटकारा. नवऱ्यांचे समज बहुधा याच मजकुराचे असतात.

आता खाशांची व्यथा लिहितो. त्या टेपेत, त्याच शेवटच्या गाण्यात, गिटारीचा आवाज जो उतरला होता तो खाशांचे काळजात रुतोन बसला. ऊबदार, किंचित खरखरीत, आणि सुराचे शेवटी हलकेच हलणारा. खासे म्हणत, ही तार नव्हे, कोणी जिवंत प्राणी बोलतो आहे. परंतु पुढे तारुण्याच्या मदात त्यांणी गिटारीचे जुने पिकअप, कोकलतात म्हणोन, उपटोन काढिले आणि चकचकीत नवे बसविले. पिकअप म्हणजे तारांखाली बसविलेली काडेपेटीएवढी चीज. आत लोहचुंबक, भोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार छेडिली की आतील तारेत वीज शहारते, आणि तीच अँपात जाऊन गर्जते. जुने पिकअप भंगारात गेले आणि तो आवाज त्यांसमागे गेला.

तेव्हापासून खासे त्या आवाजाचे पाठीस लागले. नवे अँप आणिले, शिकस्त खाल्ली. सूर पालटणाऱ्या, पायाने दाबावयाच्या पेट्या आणिल्या, त्यांची फौज खोलीत जमली, पुन्हा शिकस्त खाल्ली. जाड तारा लाविल्या, बोटे सोलवटली, आणि दुकानात गिऱ्हाइकाचे नाकावर चष्मा बसविताना हाय हाय करू लागले. दिवसभर परक्यांस अक्षरे वाचावयास लावावी आणि संध्याकाळी येऊन ती गिटार मांडीवर घ्यावी, याखेरीज त्या गृहस्थास दुसरा विसावा नव्हता. आम्ही खालून पुष्कळ वेळा झाडूच्या दांड्याने छत ठोकिले, तरी त्यांची दया येई.

अखेर खाशांनी मनसुबा केला की हाताने गुंडाळलेले, जुन्या धाटणीचे पिकअप मागवावे. बाईसाहेबांस वर्तमान कळले आणि त्यांणी स्वयंपाकघरात, ओट्याशी उभ्या राहून, फर्मान काढिले.

"शेवटचं. कळलं? ह्यानंतर घरात एक स्क्रूसुद्धा येणार नाही."

आणि तह ठरला. पिकअप येवोत. त्यांतून तो आवाज आला तर खाशांनी खुशाल वाजवावे, कोणी हूं की चूं करणार नाही. न आला तर गिटार, अँप आणि दरोबस्त पेट्या विकोन खोली मोकळी करावी, आणि गिटारीचे नाव पुन्हा घरात काढू नये. मेव्हणे साक्षीस होते. त्यांणी खाशांस दिलासा दिला आणि जिना उतरता उतरता गिटारीस एक गिऱ्हाईकही पाहोन ठेविले.

दूरच्या शहरी वाइंडिंगकार म्हणोन एक नामांकित कारागीर होते. गिऱ्हाइकांस वाट पाहावयास लावणे हा त्यांचा मुख्य धंदा आणि पिकअप गुंडाळणे हा जोडधंदा. खाशांनी फोनावरून खलिता धाडिला. त्याचा जबाब येईतो दुकानातील फ्रेमांची फॅशन बदलली. मग सवाल सुरू जाहले: गिटारीचे लाकूड कोणते, हात जड की हलका, जेवणानंतर वाजविता की आधी, स्वभाव तापट की सोशिक. बाईसाहेबांनी हे ऐकोन शेरा मारिला की लग्न ठरविताना इतकी चौकशी आपणही केली नव्हती, आणि करावयास हवी होती. खाशांनी सर्व सवालांस अदबीने जबाब दिला आणि नमुन्यादाखल त्या टेपेची नक्कलही धाडिली.

शेवटचा सवाल मेणाचा होता. रीत ऐसी की पिकअप गुंडाळोन जाहला की तापल्या मेणात बुडवितात. मेण वेढ्यांचे फटीत शिरोन तारेस घट्ट धरिते, आणि मग ती मुकाट्याने फक्त गिटारीचे ऐकते. मेण न घातल्यास तार आत थरथरत राहते, अँप चढविला की कोकलते, आणि आसपास जे काही होईल, दार आपटले, कोणी खोकले, तेही ऐकोन अँपात नेते. वाइंडिंगकारांनी बजाविले की बिनमेणाचा पिकअप म्हणजे उघडा कान, पुढे तक्रार चालणार नाही. खाशांनी छाती पुढे काढून कळविले की जुने होते तैसेच द्यावे, मेण नको. हा एक हुकूम खाशांनी विचार न करिता दिला, आणि अवघ्या मोहिमेत शहाणपणाचा तेवढाच निघाला.

मग बहुत दिवस लोटले आणि एके दिवशी कुरिअरचा जासूद पुडके टाकोन गेला. रविवारी दुपारी खाशांनी जेवणाचे टेबलावर गिटार उताणी निजवून तिचे पोट उघडिले. मेव्हण्यांनी टॉर्च धरिला आणि सल्ले दिले. सोल्डरिंगची तापलेली सळई एकवेळ निसटली, टेबलक्लॉथास भोक पडले, त्यावर खाशांनी फळांची परडी सरकविली आणि काम पुढे चालविले. पिकअप बसले. वायरी जोडिल्या. अँप चालू करिताच ऐसी किंकाळी उठली की आमचे हातची बशी सुटली. आवाज उतरविला, खासे दोन पावले मागे सरले, किंकाळी शमली. मेव्हणे शिंकले ते अँपातून दुणावून निघाले. वाइंडिंगकारांचा शब्द खरा जाहला.

खाशांनी घाम पुसला आणि शेवटचे गाणे छेडिले. आवाज जुना होता. ऊब होती, खरखर होती. मेव्हण्यांनी वाहवा केली. परंतु खाशांचा चेहरा उतरला. त्यांणी पुन्हा वाजविले, बटणे फिरविली, खुर्ची फिरविली, डोळे मिटोन वाजविले. सुराचे शेवटी जे हलके हलणे, जो जीव, तो आला नाही. नऊ हिस्से आला आणि दहावा राहिला, आणि खाशांचे मते तो दहावा तोच आवाज होता. मग त्यांणी गिटार मांडीवर आडवी ठेविली आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. वर इतका शुकशुकाट जाहला की आम्ही झाडू खाली ठेविला.

"जावईबापू," मेव्हणे म्हणाले, "गिटारीला गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. मी आपलं सहज बोलून ठेवलं होतं हो."

खाशांचा संताप अनावर जाहला, परंतु मेव्हणे पडले वडीलधारे, सबब तो वाइंडिंगकारांवर काढावा ऐसे ठरवोन फोन लाविला आणि स्पीकर उघडा ठेविला. दगाबाजी जाहली, माल नमुन्याबरहुकूम नाही, ऐसे चढ्या आवाजात सुनावले. वाइंडिंगकार अपमान सोसणाऱ्यांतले नव्हते.

"अहो, तार तीच घातली, वेढे तसेच वेडेवाकडे टाकले, चुंबक मुद्दाम अशक्त करून दिलेत. माझ्याकडून यायचं ते सगळं आलंय. तुमच्या टेपमधल्या गिटारीत एक बाई गातेय. ती मी कुठून गुंडाळून देऊ?"

"बाई?" खासे म्हणाले.

"शेवटच्या गाण्यात. पिकअपच्या अगदी तोंडाशी उभी आहे. बिनमेणाचा पिकअप तो, सगळं आत घेतलंय त्यानं. चांगल्या हेडफोनवर ऐका, शब्दसुद्धा लागतात. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुम्हीच होतात ना तिथे?"

मेव्हण्यांनी पुढे वाकोन पुसले की आपणही आहो काय त्यात. वाइंडिंगकारांनी निकाल दिला की ड्रम कोठेही शिरतो, त्याचे कौतुक नाही, आणि फोन बंद केला.

बाईसाहेब दारात उभ्या होत्या. खोली आवरावयास म्हणोन रिकामी खोकी घेऊन आल्या होत्या. ती त्यांणी खाली ठेविली, मेव्हण्यांस खुर्चीवरून उठविले, आणि हुकूम केला.

"टेप लाव. आणि ते हेडफोन इकडे दे."

खासे हेडफोनांची गुंतलेली वायर सोडवू लागले, सबब टेप मेव्हण्यांनी लाविली. जी टेप लागताच बाईसाहेब इतकी वर्षे उठोन जात, ती त्या दिवशी त्यांणी बसोन ऐकिली. डोळे मिटले, हेडफोन दोहों हातांनी कानांशी दाबिले. मग बाईसाहेबांचे ओठ हलू लागले. आधी बारीक, मग टेपेबरोबर, शब्दास शब्द. गाणे सरले तरी हेडफोन काढिले नाहीत.

"मी आहे की रे ह्यात," त्या म्हणाल्या. "सबंध आहे. मधेच सोडलं नव्हतं मी."

"इतकी वर्षं मी तुलाच ऐकत होतो," खासे म्हणाले. "मला वाटायचं, गिटार आहे."

"गाढव आहेस."

हे उत्तर बखरीत लिहावे की न लिहावे याचा आम्ही विचार केला. परंतु मेव्हणे शपथेवर सांगतात की बाईसाहेब ते बोलताना रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि खाशांनी त्याचा स्वीकार शिरपेच मिळाल्यागत केला. आम्हांसही खाली बसल्या बसल्या भरोन आले, ते लपवीत नाही.

मग बाईसाहेब उठल्या, पदर खोचिला, आणि खाशांचे जवळ, त्या दिवसासारख्याच गिटारीवर ओणव्या होऊन, उभ्या राहिल्या आणि सूर द्यावा ऐसी आज्ञा केली. खाशांनी सूर दिला. बाईसाहेबांचा पहिला शब्द घशातच राहिला, दुसरा अर्धा निघाला, तिसऱ्यापासून गाणे लागले. आणि तो आवाज आला. अँपातून, गिटारीचे पोटातून, ऊबदार, खरखरीत, शेवटी हलकेच हलणारा, दहाचे दहा हिस्से, तो आमचे छतातून खाली झिरपला. खाशांचे बोट तारेवरच थांबले.

"थांबलास कशाला?" बाईसाहेब म्हणाल्या. "माझं अजून एक कडवं आहे."

येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती कायमची नोंदली. तहाबरहुकूम गिटार खाशांकडे राहिली. खोलीत निम्मा अमल बाईसाहेबांचा बसला, आणि त्यांचे खुर्चीस जागा व्हावी म्हणोन पेट्यांची फौज खोक्यांत भरोन माळ्यावर रवाना जाहली. संध्याकाळी गिऱ्हाईक आले, ते जिन्यातच गाणे सरेतो उभे राहिले आणि चहा पिऊन परतले. टेबलक्लॉथाचे भोक उघडकीस आले, त्याची चौकशी चालू आहे. बाईसाहेबांचा आवाज, जो गेला म्हणोन घरात मानिला होता, तो हस्तगत जाहला. दुसऱ्या कडव्यावर तो किंचित फाटतो. खाशांनी तो तैसाच मंजूर केला.