दत्ताराम परबांचा हवाई स्टू

"स्टू म्हंजे काय गो? बिनखोबऱ्याचा मटान! माका शिकवू नको," असं जाहीर करून दत्ताराम परबांनी रविवारी सकाळी सुगंधाला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, तिच्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

कारणही तसंच होतं. मुलगी, अक्षता, सात महिन्यांनी कांजूरमार्गच्या घरी जेवायला येणार होती आणि सोबत नवरा होता. काई त्याचं नाव, गाव हवाई बेटांवरचं. "ज्याच्या गावाचं नाव मला धड घेता येत नाही, तो माझा जावई नाही!" असं दत्ताराम लग्नाच्या वेळी बोलून बसले होते. ती गेली, ती फोनसुद्धा आईलाच करायची. आता माफी मागायला हवी होती. पण 'चुकलो' हा शब्द परबांच्या सात पिढ्यांत कुणी उच्चारला नव्हता. त्यापेक्षा जावयाच्या गावचा स्टू करणं सोपं! तिकडे तो बीफचा करतात. दत्तारामांनी बोकडाचं मटण आणलं, बटाटे, गाजरं, टोमॅटो चिरले, दाटपणाला मैदा लावला आणि फोनवर व्हिडिओ सुरू केला. ऐकायला कमी येत असल्यामुळे आवाज फुल्ल!

व्हिडिओतली बाई मिनिटाला चार वेळा "बीफ" म्हणत होती. खिडकी पॅसेजमध्ये उघडत होती. दहाव्या मिनिटाला बेल वाजली.

दारात सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर दामले. मागे त्यांच्या पत्नी सुनंदाताई, नाकाला पदर लावून.

"परब, काय शिजतंय?"

"स्टू."

"कशाचा?"

"मटणाचा."

"नाऊ ॲड द बीफ!" आतून फोन ओरडला.

"अहो, फोनला काय कळतंय? बोकड आहे बोकड! या, चाखून बघा!"

"शिव शिव!" सुनंदाताई कळवळल्या. "यांनी जन्मात अंडं शिवलं नाही!"

"मग वास घ्या!" दत्तारामांनी दामल्यांना हाताला धरून ओट्यापाशी नेलं आणि झाकण काढलं.

दामले वाकले. डोळे मिटले. बराच वेळ उठेचनात.

"बोकडच आहे," शेवटी ते म्हणाले. "पण मांडीचं आणलंत, परब. अशा रश्शाला खांद्याचं घ्यावं, चरबी असते. आणि अजून चाळीस मिनिटं तरी हवीत."



"अहो," सुनंदाताईंचा पदर नाकावरून खाली आला. "दर शनिवारी चेंबूरला तुम्ही नक्की कुठे जाता?"

"भजनाला..."

"कसलं भजन?"

मग जे सुरू झालं, त्यात सगळी बिल्डिंग पॅसेजमध्ये जमली. सुगंधा मध्ये पडली, तिला आवरायला दत्ताराम मध्ये पडले, आणि गॅस मोठाच राहिला. सुनंदाताई पाय आपटत घरी गेल्या, आतून कडी लावली. दामले परबांच्या सोफ्यावर बसून राहिले. तेवढ्यात अक्षता आणि काई दारात आले, आणि सगळ्यांना एकदमच करपल्याचा वास आला.

"बाबा, हे काय करताय?"

"ह्याच्या... ह्याच्या गावचं काहीतरी..." दत्तारामांनी हातातला झारा पातेल्यात घातला.

अक्षताने पर्स ठेवली. "ढवळू नका आता! खालचं वर येईल. वरचं वरचं मी काढते."

जेवायला पाच जण बसले. दामल्यांनी दोनदा भात मागून घेतला, आता लपवायला काही उरलंच नव्हतं. काईने पहिला घास घेतला, थांबला, आणि इंग्रजीत भराभर काहीतरी बोलला. त्याचे डोळे चक्क भरून आले.

"काय म्हणतो गो?" दत्तारामांनी विचारलं.

"म्हणतोय, अगदी त्याच्या आजीच्या हातची चव आहे."

दत्तारामांची छाती दोन इंच फुगली. "बघ! तरी पहिल्यांदाच केलंय!"

"हो ना," सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून हसत अक्षता म्हणाली. "तिचंही दर वेळी खाली लागायचं म्हणे!"