बिल्ड चालू आसा

आमचा शेजारी विनू कॉम्प्युटर चालू करण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचा. नारळ, विड्याची पानं, सगळं साग्रसंगीत. आणि "व्हय म्हाराजा" म्हणायला कोण? तर मी, निवृत्त मास्तर. देवबाग गावात माझ्याइतका रिकामा माणूस दुसरा नव्हता.

"बा देवा म्हाराजा! आज जो काय कंपायलर बांधूक घेतलंय, त्येच्या वाटेत जी काय लायटीची भानगड आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी ओरडायचो आणि खोबरं चघळत घरी यायचो.

विनू पुण्यातली बरी नोकरी सोडून आला होता. कारण त्याचे वडील, आबा. सत्तरी ओलांडली तरी म्हातारा एकटाच होडी घेऊन दर्यात जायचा. विनूला एक डबा बनवायचा होता, जेवणाच्या डब्याएवढाच. तो होडीत ठेवला की होडी कुठे आहे ते दर अर्ध्या तासाने घरी कळणार. डब्यात इवलासा कॉम्प्युटर, तो चालवायला लिनक्स नावाची प्रणाली. पण ते लिनक्स तयार करायची हत्यारं, तो कंपायलर वगैरे, आधी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बांधायची म्हणे. मी म्हटलं, "अरे, मग त्या डब्यातच बांध की!"

"गुर्जी, होडी काय दर्यात बसान बांधतंत? किनाऱ्यार बांधतंत, मगे लोटतंत."

मी खोबऱ्याचा आणखी एक तुकडा उचलला.

ही बांधणी, त्याच्या भाषेत 'बिल्ड', तीन-तीन दिवस चालायची. कुंपणावर पाटी लागायची, 'बिल्ड चालू आसा'. भारनियमनासाठी त्याने ट्रकच्या बॅटऱ्या जोडल्या होत्या, पण आमच्या दोन घरांची लाइन एकच. कोणी मोठं यंत्र लावलं की त्याचा कॉम्प्युटर मान टाकायचा. म्हणून माझ्या पंपाच्या बटणाला त्याने लाल फडकं बांधलेलं. बायको मिक्सर लावायला गेली तरी हा खिडकीतून ओरडणार, "काकी, बिल्ड चालू आसा!" बिचारी तीन दिवस पाट्यावर वाटण वाटायची.

वैशाखात मात्र माझं डोकं फिरलं. तिसरा दिवस, माडांच्या बुंध्याभोवतीची आळी कोरडी ठाक. माझ्या माडांनी काय बिल्ड संपेपर्यंत उपाशी राहायचं? विनू जेवायला बसलेला पाहिला, फडकं सोडलं आणि पंप लावला. पाच मिनिटं. मग बंद करून फडकं पुन्हा बांधलं, होती तश्शीच गाठ.

त्याची डिस्कच बसली. सगळं गेलं. मालवणच्या सायबर कॅफेत रोज जाऊन तो पुन्हा पहिल्यापासून फायली उतरवू लागला. मला म्हणाला, "गाऱ्हाण्यात माझाच कायतरी चुकला, गुर्जी." मी म्हटलं, "असेल बाबा." लाज वाटते सांगायला, पण असंच म्हटलं.

नारळी पौर्णिमा आली, डबा झाला नव्हता. विनू विनवत होता, "आबा, पंधरा दिस थांबा."

"मासो थांबात रे माझ्यासाठी?" म्हणत आबा गेले.

भर दर्यात होडीचं इंजिन बंद पडलं. दोन दिवस सगळ्या होड्या उत्तरेला विजयदुर्गाकडे शोधत होत्या आणि म्हातारा सापडला दक्षिणेला, रेडीच्या बाजूला. जिवंत होता, देवाची कृपा. पण ते आबा परत आलेच नाहीत. ओट्यावर दर्याकडे पाठ करून बसायचे. होडी माडाखाली पालथी पडली.

डबा दिवाळीत झाला. विनूने होडी उलथून सरळ केली, डबा आत बसवला, नारळ घेतला आणि मला हाक मारली.

"बा देवा म्हाराजा! ह्यो जो काय डबो बांधलंय, तो चालूक दी. माझ्या बापाशीक परत दर्यात जावचो धीर दी. आनि बिल्ड मोडलो त्या दिसा माका माडांची आळी वली दिसली, तो पंप गुर्जींच्या हातसून चुकान लागलो. त्येचो दोष त्येंका लावू नको रे म्हाराजा!"

म्हणजे याला तेव्हापासून ठाऊक होतं. सहा महिने.

विनू डब्याच्या बटणावर बोट ठेवून थांबला होता. मान वर न करता हळूच म्हणाला, "गुर्जी, व्हय म्हणा. तुमी म्हटल्याशिवाय चालू कसो करू?"