धांडे सरांची दुर्मिळ माती

प्राचार्यांच्या निरोप समारंभात अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "असा दुर्मिळ माणूस पुन्हा होणे नाही!" आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "दुर्मिळ म्हंजे किती?"

सभा चपापली. रसायनशास्त्राचे धांडे सर उभे राहिले होते. "नाही, फक्त ईचारून राहिलो. सोन्याएवढा दुर्मिळ, का तांब्याएवढा?"

प्राचार्यांनी गळ्यातला हार सावरला आणि म्हणाले, "तांब्याएवढा चालेल." सर समाधानानं खाली बसले.

मी पुण्याहून अमरावतीला मराठी शिकवायला आलो तेव्हा धांडे सर माझे शेजारी झाले. मूळचे अंजनगाव सुर्जीकडचे, शेतकरी घरातले. एकटेच राहायचे. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या बाह्यांवर आम्लानं पाडलेली भोकं. पहिल्याच सकाळी कुंपणावरून म्हणाले, "तुमी मराठीवाले ना? मंग मले एक शब्द द्या."

मला वाटलं, कुणाच्या लग्नपत्रिकेसाठी असेल. शब्द हवा होता तो 'रेअर अर्थ्स'साठी. त्या काळात विज्ञान मराठीतून शिकवायचं वारं होतं. एका परिभाषा समितीनं शब्दांची यादी काढली होती आणि तीत या सतरा धातूंच्या गोतावळ्याला 'दुर्मिळ मृत्तिका' म्हटलं होतं. त्या दोन शब्दांमुळे सरांना अन्न गोड लागेनासं झालं होतं.

"दुर्मिळ नाही अन् माती बी नाही! त्यातला सीरियम जमिनीत जवळपास तांब्याएवढा हाय. अन् माती काहून? तर जुन्या लोकाइले जे पाण्यात विरघळे नाही, विस्तवात वितळे नाही, ते सारं मातीच वाटे. त्याइनं एकदा नाव ठेवलं, आपण अजून तेच घोकून राहिलो."

"मग नुसतं धातू म्हणा," मी म्हणालो. "अर्थात 'धातू' म्हटलं की माझे विद्यार्थी क्रियापद शोधतात."

"तुमच्या पोट्ट्याइले माह्याकडं पाठवा."

एकदा संध्याकाळी गल्लीतून वरात चालली होती. सरांनी डोक्यावर गॅसबत्ती घेतलेल्या बाईला हात करून थांबवलं आणि वऱ्हाडाला सांगू लागले, "या बत्तीच्या जाळीत सीरियम हाय! तो नसता तर उजेडच पडला नसता. नवरदेवाचं तोंडबी दिसलं नसतं!" बँड थांबला. घोड्यावरचा नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून ऐकू लागला. शेवटी मुलाचे वडील हात जोडून म्हणाले, "मास्तर, दिसलं तोंड. आता जाऊ द्या."

समितीनं हरकती ऐकायला अकोल्याला बैठक ठेवली, तेव्हा सर मला भाषातज्ज्ञ म्हणून घेऊन गेले. बोलायला पाच मिनिटं मिळाली. त्यांनी पंचवीस घेतली. अध्यक्ष वयस्कर संस्कृत पंडित होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग आपण काय सुचवता?"

सरांनी वही उघडली. "चुलतधातू. सारे एकमेकासारखे दिसते, एकाच खनिजात राह्यते, अन् येगळे करतो म्हटलं तर जीव घेते."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "व्याकरणाची हरकत नाही," मी म्हणालो. आयुष्यात व्याकरणाशी एवढं खोटं मी कधी वागलो नव्हतो.

अध्यक्षांनी 'दुर्मिळ मृत्तिका'समोर लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाले, "पुढच्या बैठकीत पाहू." मला वाटलं, हरलो. पण सरांनी अदबीनं विचारलं, "साहेब, हा कागद मले देता काय?"

स्टँडवर ते अमरावतीच्या गाडीत चढेनात. "मी अंजनगावले जातो. दादाकडं."

सहा वर्षांच्या शेजारात त्यांना भाऊ आहे हे मी प्रथमच ऐकत होतो.

"बाप गेला, तवा दादानं शाळा सोडून वावर केलं. मले शिकवलं," ते बाकावर बसत म्हणाले. "मी नवा नवा नोकरीले लागलो, तवा त्यानं ईचारलं, तू काय करतं तेथी? म्या ऐटीत सांगतलं, दुर्मिळ मातीचा अभ्यास करतो. दोन महिन्यानं दादा फडक्यात वावरातली माती बांधून भर वर्गात आला. म्हणे, 'पाह्य बरं, आपली हाय काय दुर्मिळ?' पोट्टे हासले."

त्यांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली.

"मीबी हासलो."

गाड्या येत-जात होत्या. "तवापासून गेलो की जेवू घालते, पिकापाण्याचं बोलते. पण माह्या कामाचं कधी ईचारत नाही. अमरावतीले तर आलाच नाही."

"आता काय सांगाल?"

"सांगतो, दादा, चूक शब्दाची होती. समितीनंबी मान्य केलं."

समितीनं काहीच मान्य केलं नव्हतं. मी त्यांना अंजनगावच्या गाडीत बसवून दिलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी शेजारच्या अंगणात खाटेवर फेटेवाले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. समोर धांडे सर जमिनीवर.

"हं," म्हातारे म्हणाले, "आता सांग. तू पोट्ट्याइले काय शिकवतं? मले समजन असं सांग."

मी कुंपणाशी कान देऊन थांबलो. मला आता तासभराचं व्याख्यान अपेक्षित होतं. पण म्हातारेच हळूच म्हणाले, "अरे, रडतं काहून येड्या? घाई नाही मले. मी दोन दिवस हाय."